बोळका सिंह

फार पूर्वी एका नगराच्या मधोमध नदी वाहत होती. राजाने तिच्यावर बांध घातला आणि पाणी सोडायच्या मोरीला शोभा आणायचं काम एका म्हाताऱ्या पाथरवटाला दिलं.

त्याने मोरीच्या तोंडाशी दगडाचा सिंह घडवला. उघड्या जबड्यातून पाणी धो धो पडायचं. आणि दात तर असे, की बघणाऱ्याने हात मागे घ्यावा! गवंडी म्हणाला, "बाबा, पाण्याला काही चावायचं नसतं. दात कशाला?"

"तू आपला चुना मळ," पाथरवट फणकारला. नुसत्या दातांवरच त्याचं अख्खं वर्ष गेलं होतं.

पुढच्या श्रावणात नदीला पूर आला. पाण्याबरोबर फांद्या आल्या, पालापाचोळा आला, आणि सगळं त्या दातांत अडकलं. मोरी तुंबली. पाणी मागे फुगत फुगत कुंभारवाड्याच्या उंबऱ्यांना लागलं. आयाबाया पोरं कडेवर घेऊन बाहेर पडल्या.

राजा म्हणाला, "दात फोडावे लागतील. कोण फोडणार?"

"मीच," पाथरवट म्हणाला. दुसऱ्याचा हातोडा त्याला सोसला नसता. लोकांनी कमरेला दोर बांधून त्याला सिंहापुढे सोडलं. पण उगारलेला हात काही खाली येईना. त्याचे डोळे भरून आले.

वरून त्याची म्हातारी ओरडली, "अहो, माझे सगळे दात पडले, तेव्हा मी नावडती झाले का तुमची?"

तशाही वेळी त्याला हसू फुटलं. हातोडा दातांवर पडला. एकेक दात निखळला, तसा अडकलेला पाला सुटला आणि पाणी मोकळं झालं. लोकांनी त्याला झटकन वर ओढून घेतलं. संध्याकाळपर्यंत कुंभारवाडा वाचला.

पाथरवट मात्र नंतर बांधाकडे फिरकेना. आपल्या हाताने आपलं काम विद्रूप केलं, असं त्याला वाटे. शेवटी पूर ओसरल्यावर म्हातारीनेच त्याला हाताला धरून नेलं.

बघतो तर काय, कुंभारवाड्यातली पोरं सिंहाच्या जबड्यात हात घालून पाणी उडवत होती. हीच पोरं पूर्वी त्या दातांना भिऊन लांब पळायची. एक चिमुरडी म्हणाली, "हा आमचा सिंहआजोबा!"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. पाथरवट खाली बसला आणि फुटलेल्या दातांच्या कडा मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून घासून गुळगुळीत करू लागला.

तात्पर्य: शोभा कामाच्या आड आली, तर ज्याने ती घडवली त्यानेच ती मायेने उतरवावी.