नाखव्याच्या होडीची झडप

शाळेच्या बाईंनी तिसऱ्यांदा निरोप धाडला, की मुलांसाठी एक बोधाची गोष्ट लिहून द्या. बोध ऐकून कोणी शहाणा झालेला मी तरी पाहिलेला नाही. शहाण्याला त्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते तो ऐकत नाही. शिवाय गोष्टीत ‘मी’ लिहायचं नाही, अशी बाईंची अट. म्हणजे माझीच गोष्ट मी दुसऱ्याची म्हणून सांगायची. बरं बाई, तसं करतो. मध्ये कोणी शंका काढू नये.

एका बंदरात लडकू नावाचा एक म्हातारा मिस्त्री राहत होता. होड्या दुरुस्त करणं एवढं एकच काम त्याला येत होतं. हात चांगला, बोलणं खडबडीत.

त्याच बंदरात हरेश्वर नाखवा होता. त्याच्याकडे दोन माणसांची एक छोटी शिडाची होडी होती. ती मासेमारीची नव्हे, शर्यतीची. नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी तिथे शर्यत लागायची. धक्क्यावरून निघायचं, समुद्रातल्या काळखडप नावाच्या खडकाला वळसा घालायचा आणि परत यायचं.

या होडीच्या तळाला दोन पितळी झडपा होत्या. होडी वेगात असली की झडप उघडायची, आत आलेलं पाणी आपोआप खालून ओढलं जातं. वेग कमी झाला की झडप दाबून बंद करायची. बंद झडपेखाली रबर असतं, ते पाणी अडवतं. एवढं साधं आहे. तरी माणसाने त्यात घाण केलीच.

पौर्णिमेच्या आधी हरेश्वरने होडी आतून-बाहेरून लाल रंगवली. झडपा झाकायच्या सोडून त्यांच्यावरूनही ब्रश फिरवला. रंग वाळला, झडपा चिकटल्या. मग त्याने त्या स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या. झडपा निघाल्या, पण खालचं रबर फाटलं. यावर त्याने काय केलं? झडपा दाबून बसवल्या आणि वरून रंगाचा दुसरा हात दिला.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी लडकूच्या नजरेला ते पडलं. तो म्हणाला, रबर गेलंय, अर्ध्या तासाचं काम आहे, होडी माझ्याकडे टाक. हरेश्वर म्हणाला, पूजा झाली, नारळ दिला, आता शर्यत होईपर्यंत हिला हत्यार लागायचं नाही. तसा त्या बंदराचा रिवाज होता खरा.

“रिवाज कशासाठी आहे?” लडकू म्हणाला. “पूजेच्या आधी काम उरकावं म्हणून. भोकाची पूजा करावी म्हणून नाही.”

हरेश्वरला राग आला. त्याने लडकूला होडीत बसवलं आणि खाडीत एक फेरी मारली. वारा झकास होता. होडी पळाली, तळ ताटासारखा कोरडा. धक्क्याजवळ येताच तो काठावरच्या लोकांना ओरडून म्हणाला, बघा रे, एक थेंब तरी आहे का?

“आता थांबव,” लडकू म्हणाला, “आणि मग बघ.”

हरेश्वरची मुलगी हेमांगी शर्यतीत त्याच्या सोबत असायची. तीही बापाला सांगत होती, की उभ्या होडीतून रोज सकाळी मी दोन डबे पाणी उपसते. बाप म्हणाला, दव पडलं असेल. दोन डबे दव. आता अशा माणसाशी कोण बोलणार?

शर्यत सुरू झाली. हरेश्वरची होडी सगळ्यांच्या पुढे. काळखडपाला वळसा घालून तीच पहिली परत फिरली. पण परतीच्या वाटेवर, डोंगराच्या आडोशाला वारा पडला. सगळ्याच होड्या जागच्या जागी थांबल्या. बाकीचे निवांत चणे खात बसले. हरेश्वरच्या होडीत मात्र पाणी चढायला लागलं. आधी घोट्याला, मग पोटरीला. हेमांगी डब्याने उपसत होती, बाप शिडाच्या दोऱ्या ओढत होता. वाराच नाही तर दोऱ्या ओढून काय होणार? होडी डबक्यातल्या म्हशीसारखी बसली. थोड्या वेळाने वारा आला आणि बाकीचे निघून गेले. शेवटी लडकू आपली होडी वल्हवत गेला आणि हरेश्वरच्या होडीला दोर लावून ओढत घेऊन आला.

धक्क्यावर सगळा गाव जमला होता. हरेश्वर छातीपर्यंत भिजलेला उतरला आणि त्याने लडकूकडे बोट दाखवलं.

“पूजेच्या होडीत बसून हा थांबव म्हणाला, आणि वारा थांबला. याची जीभ काळी आहे.”

दुपारनंतर डोंगराखाली वारा पडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तीन नाखव्यांनी आपापल्या होड्या लडकूच्या दुरुस्तीच्या मांडवातून उचलून नेल्या. एकीच्या तळाच्या दोन फळ्या काढलेल्या होत्या. तीही तशीच नेली. काळ्या जिभेपेक्षा बिनतळाची होडी परवडली म्हणे. मांडव रिकामा पडला. अडुसष्टाव्या वर्षी लडकू दुसरं काय काम शिकणार होता? तो मांडवात करवत मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला.

हे हेमांगीला बघवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजार भरला असताना तिने चार गडी बोलावले. बाप नको नको म्हणत असताना होडी बाजारासमोर दोन लाकडी घोड्यांवर उचलून ठेवली. दोन्ही झडपा दाबून बंद केल्या आणि आत दोन हंडे पाणी ओतलं. सगळ्यांच्या देखत तळातून दोन धारा लागल्या.

“बाबा, इथे कुठला वारा पडलाय?” ती म्हणाली. “आणि लडकूकाकांनी तर अजून तोंडही उघडलेलं नाही.”

हरेश्वरने एका धारेखाली बोट धरून पाणी चाखलं. मग म्हणाला, “हे विहिरीचं गोडं पाणी आहे. गोडं पाणी पातळ असतं.”

मासळीवाल्या बायका टोपल्या सोडून हसल्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही होड्या लडकूच्या मांडवात परत आल्या. बिनतळाची सगळ्यांत आधी.

लडकू अडून बसू शकला असता. बसला नाही. त्याने तिथेच झडपा सोडवल्या, रंग खरवडला, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून नवं रबर कापलं आणि चार-चार स्क्रू आवळून झडपा बसवल्या. अर्धा तासही लागला नाही. पुन्हा दोन हंडे ओतले. खाली टिपूस नाही. हरेश्वर वाकला, तळ नीट बघितला आणि म्हणाला, रंग खरवडलास की रे.

तात्पर्य: पळत्या होडीची गळती दिसत नाही, म्हणजे ती नाही असं नव्हे. होडी काठावर असतानाच झडप उघडून बघावी, आणि भोक दाखवणाऱ्याच्या जिभेला दोष देऊ नये. दिला, तर निदान माफी मागावी. या गोष्टीला सहा वर्षं झाली, मिस्त्रीची माफी एका माणसाने अजून मागितलेली नाही. नाव लिहूनच ठेवतो: हरेश्वर गोमा नाखवा.