राखणीची फांदी

पाखरं अजून बोलत होती तेव्हाची गोष्ट. सातभाई मिळूनमिसळून कसे खातात, या एकाच अभ्यासात गोदा साळुंकीचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सगळे खाली किडे टिपायचे आणि त्यांची धाकटी बहीण झाडाच्या शेंड्यावर बसून ससाण्यापासून राखण करायची, उपाशीपोटी. आता तर तिच्या अंगात त्राणही उरलं नव्हतं.

"रोज तूच का गं?" गोदानं विचारलं.

"इतकी वर्षं बघताय मावशी, एक दिवस तरी तुम्ही बसलात का?"

गोदा वरमली. "जा बाई, आधी पोटात काही घाल," म्हणत तीच शेंड्यावर बसली.

थोरल्यानं वर पाहिलं. परकी राखण करतेय म्हटल्यावर चोचीतली अळी त्याला गिळवेना.

"उतरा मावशी," तो पुटपुटला, "आज माझी पाळी."