एका पिळाची गलबतं

एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं आणि त्या बंदरावर हरबा नावाचा एक मुकादम राहायचा. लाकडी गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणं हे त्याचं काम. कापसाचे पीळ करायचे, छिन्नीने फटीत ठोकून बसवायचे आणि वरून तेल-चुन्याचा लेप द्यायचा. एका फटीत तीन पीळ, असा बंदराचा रिवाज. काम उक्तं असायचं. गलबतामागे दर ठरायचा आणि त्यातूनच हरबा आपल्या सहा गड्यांना मजुरी द्यायचा.

बंदराचा आणखी एक रिवाज होता. नारळी पौर्णिमेला गलबत पाण्यात उतरलं की पहिल्या फेरीला फटी बुजवणाऱ्या मुकादमाने बायकामुलांसह त्यात बसायचं आणि समोरच्या बेटावरच्या देवीला नारळ देऊन परत यायचं. हा मुकादमाचा मान, असं सगळे म्हणायचे. मान कसला, परीक्षाच ती! पण जुनी माणसं शहाणी, त्यांनी तिला मान म्हटलं, म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

एका वर्षी व्यापार पार बसला. समुद्रापलीकडे मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. वखारीत सुपारीची पोती पडून राहिली. पाच गलबतांचे मालक रतनशेठ, त्यांनी बंदरावरच्या दोन्ही मुकादमांना, हरबाला आणि देवजीला, बोलावून घेतलं.

"यंदा दर निम्मा," शेठ म्हणाले. "माझाही नाइलाज आहे. परवडत असेल तर करा."

देवजीने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "शेठ, एवढ्या पैशात पाण्याखालच्या फळ्या करून देतो. तीन पिळांनी. वरच्या फळ्या तुमच्या खलाशांकडून करून घ्या."

"म्हणजे अर्धंच काम?"

"अर्धंच. पण आधी सांगून."

शेठचा चेहरा उतरला. हरबा पटकन पुढे झाला आणि त्याने हात जोडले. "शेठ, मी पाचही गलबतं पुरी करतो. तुमचा शब्द मी कधी मोडलाय का?"

"याला म्हणतात माणूस!" शेठ म्हणाले. देवजी पागोटं सारखं करून निघून गेला आणि शेजारच्या गावात होड्या दुरुस्त करू लागला.

आता हरबा काही दुष्ट माणूस नव्हता. सहा घरच्या चुली त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. एकालाही घरी बसवायचं त्याच्या जिवावर येत होतं. पण 'याला म्हणतात माणूस' हे ऐकून त्याला गुदगुल्या झाल्या होत्या, हेही तितकंच खरं. गड्यांना तो म्हणाला, "यंदा एकच पीळ घाला. वरून लेप मात्र जाड द्या."

त्याचा सगळ्यात जुना गडी सोनू म्हणाला, "दादा, लेप बघून पाणी बाहेर थांबतं होय?"

"अरे, माल कुठे आहे यंदा? गलबतं रिकामीच फिरणार. रिकाम्या गलबताला एक पीळ रग्गड झाला."

सोनूने छिन्नी उचलली. मुकादमाच्या पुढे बोलून कामावरून जायचं कोणाला होतं? चार गलबतं अशीच झाली. पाचव्याला मात्र हरबाने स्वतः छिन्नी धरली आणि फटीफटीत तीन-तीन पीळ ठोकले. पौर्णिमेला आपण बायकोपोरांना घेऊन याच गलबतात बसायचं, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पौर्णिमेला सगळं बंदर लोटलं. हरबाची लेक यमुना सासरहून आली होती, सहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन. शेठ खुशीत होते. "अडचणीच्या वर्षी हरबाने मला साथ दिली," ते मोठ्याने म्हणाले. "यंदा मान त्याच्या गड्यांनाही. सगळ्यांनी घरच्यांना घेऊन बसायचं, पाचही गलबतांत!"

सहा गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सहाही जण बायकापोरांना ओढत त्या पाचव्या गलबतात चढले, जिथे हरबाची बायको आणि यमुना आधीच बसल्या होत्या. पाय ठेवायला जागा उरली नाही.

"अहो, चार गलबतं रिकामी आहेत!" शेठ ओरडले. कोणी हललं नाही. सोनू तर डोळे मिटून देवीचं नाव घेत बसला.

यमुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गर्दीत लेकरू गुदमरायला लागलं, म्हणून ती उतरली आणि शेजारच्या गलबतात जाऊन बसली. खलाशांनी गलबत लोटलं.

हरबा अजून काठावरच होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं तर आयुष्यभराचं नाव जाणार, गड्यांचं काम जाणार. न बोलावं तर... गलबत दहा हात पुढे गेलं. यमुनेने खाली पाहून लुगडं वर उचललं. पाणी आत आलं होतं.

"फिरवा! मागे फिरवा! त्यात एकच पीळ आहे!" हरबा छाती फुटेपर्यंत ओरडला आणि पाण्यात धावला. कमरेएवढ्या पाण्यात त्याने लेकीला आणि नातवाला उतरवून घेतलं. 

 रतनशेठ पाण्याच्या कडेला आले. "हरबा, तू माझ्या खलाशांना बुडवणार होतास?"

हरबाने मान खाली घातली. "शेठ, तुम्ही दर कमी केलात तो तोंडावर सांगून. मी पीळ कमी केले ते लपवून. दोष माझा आहे."

 शेठनी चारही गलबतं वाळूवर ओढायला लावली आणि देवजीला निरोप धाडला, तुझ्या म्हणण्याप्रमाणे कर. देवजीने पाण्याखालच्या फळ्या तीन पिळांनी केल्या, वरच्या फळ्या खलाशांनी केल्या. हरबाच्या सहाही गड्यांना देवजीने हाताखाली घेतलं. त्यांच्यात सातवा गडी म्हणून हरबाही होता.

तेव्हापासून त्या बंदरावरच्या बायका गलबतात चढण्याआधी अंबाड्यातला आकडा काढून फटीत खुपसून पीळ पुरते आहेत का ते बघतात. यमुनाही बघते, आणि बाप शेजारी मुकाट्याने उभा राहतो.

तात्पर्य: मोबदला घटला तर किती काम होईल ते आधीच उघड सांगावे, सगळ्याला होकार देऊन कामात चोरी करू नये, कारण ते काम कोणाच्या जिवावर बेतेल हे आपल्या हातात राहत नाही.