मासिक बंद करताना

"पण मग बंद तरी कसं करू, बुवा?"

विश्राम पाटणकरांनी पुन्हा तेच विचारलं. फार थकले होते ते. एकाच व्हिडिओ गेम यंत्राला वाहिलेलं 'गेमगडी' हे मासिक त्यांनी उभा जन्म चालवलं. कुठला गेम कसा जिंकायचा, हे गावोगावची पोरं त्यातूनच शिकली. मग कंपनीने ते यंत्र बनवणं सोडलं, पोरांना मिशा फुटल्या, लेखक पांगले. पाटणकर मात्र एकटेच अंक काढत राहिले, वेड्यासारखे.

आता शेवटच्या अंकात मासिकाचा इतिहास द्यायचा होता. सगळा लिहून झाला. फक्त 'मासिक बंद' एवढं काही केल्या लिहवत नव्हतं.

"मी थांबलो की सगळं बुडालं म्हणून समजा," पाटणकर म्हणाले. "माझ्याइतकं ते यंत्र कुणाला कळतं?"

अच्युतबुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत होते.

"आणलंयस का ते?"

आणलं होतंच. त्याच्यावाचून पाटणकरांचं पाऊल घराबाहेर पडत नसे.

मठात कीर्तनं बघायला एक टीव्ही होता. पाटणकरांनी त्याला यंत्र जोडलं आणि कंट्रोलर बुवांच्या हातात दिला. पडद्यावरचा बुटका शिपाई तुरुतुरु धावला आणि खड्ड्यात पडला.

बुवा खुदकन हसले. शिपायाला पुन्हा पळवलं.

खड्डा.

"काठ यायच्या आधी उडी मारा," पाटणकर म्हणाले.

खड्डा.

"आधी, बुवा! आधी!"

खड्डाच. बुवा आपले मजेत.

पाटणकरांचे हात शिवशिवायला लागले. जन्माची खोड ती, जाते कुठे! त्यांनी बुवांच्या हातातून कंट्रोलर चक्क हिसकावला. एका दमात खड्डा पार. मग पूल. मग किल्ला.

"हे असं!" म्हणत ते वळले.

बुवा पडद्याकडे बघतच नव्हते. सुपारीची पूडही न झटकता, रिकामे हात मांडीवर ठेवून ते नुसते बसले होते.

पाटणकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंट्रोलर हातात धरूनच ते बुवांसमोर खाली बसले.

"मग... काय लिहू मी, बुवा?"

बुवांनी कंट्रोलरसाठी हात पुढे केला.

"आण इकडं, विश्राम. माझं पडून झालं नाही अजून."