शनिवारची काडी

“काडी ओढलीस ना?”

हसाजी हजानांनी समईची वात वळता वळता विचारलं. दर रविवारी सकाळी ते एवढंच विचारायचे, आणि ठकू ओट्याखाली उभी राहून “ओढली” म्हणायची.

आज तिनं नुसती कमरेची काडेपेटी चाचपली.

हजान म्हणजे यहुद्यांच्या सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे. इस्राएल, म्हणजे त्यांच्या धर्मातली, व्हायचंय म्हणून ठकू आली, तेव्हा त्यांनी तिला तीनदा दारातून परत धाडलं. चौथ्यांदा आत घेतलं, ते एका अटीवर. तीन जाणत्यांच्या साक्षीनं समुद्रात बुडी मारेपर्यंत ती परकीच. शनिवारी इस्राएल विस्तव पेटवत नाहीत, पण तो दिवस असा पुरा पाळायचा हक्क तिला नाही. त्या दिवशी एक काडी तरी ओढायची, एवढा तरी विस्तव करायचा.

दोन वर्षं झाली. दोन काडेपेट्या सरल्या.

“प्रार्थना तर मला तुमच्या पुतण्यांहून चोख येतात. समुद्रावर कधी न्याल?” ती मधून मधून तोऱ्यात विचारायची.

“भरती येऊ दे.”

“भरती रोज दोनदा येते, बापूजी!”

“येते ना,” म्हणून ते हसायचे.

आज मात्र हसत नव्हते.

“ठकू, काय विचारलं मी?”

ओढली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण नाही म्हटलं, की घालवतील. भावानं तर तिच्या नावानं कधीच आंघोळ केलेली. मग जायचं कुठं?

“नाही ओढली.”

आतून हजानांच्या पत्नी रेबकाबाई म्हणाल्या, “अहो, पोरीला आधी चहा तरी विचारा.”

“थांब गं!” हजानांनी वात खाली ठेवली. “विसरलीस?”

“नाही. काडी बोटांत धरून बसले होते. दुपार गेली, दिवस बुडाला. आभाळात तीन तारे दिसले, शनिवार सरला... हात काही हलला नाही.”

“म्हणजे माझा शब्द मोडलास. आणि जो तुझा नाही, तो दिवस पाळलास. मला दाखवायला?”

“नाही हो, बापूजी.” ठकू पायरीला धरून खाली बसली. “भीती वाटली.”

“माझी?”

“तुमची वाटली असती... तर ओढलीच असती.”

ठकू हजानांच्या हाताकडे बघत राहिली, आता दाराकडे बोट दाखवतील म्हणून.

हात पुढे आला. तळवा उघडा होता.

“काडेपेटी दे.”

तिनं कमरेची काडेपेटी काढून दिली. हजानांनी ती आपल्या कोनाड्यात टाकली, वात उचलली आणि पुन्हा वळायला घेतली.

“बापूजी... मग मी जाऊ?”

“जा. उद्या सकाळी भरती आहे. येताना सुकं लुगडं घेऊन ये.”