साडीचं नाव घ्या

एकदा एका विणकरांच्या गावात एक वृद्ध गुरू मागावर विणायला शिकवीत असत. त्यांची एक शिष्या नुकतीच लग्न होऊन त्या गावात आलेली, मितभाषी. तिने विणलेली पहिली रेशमी साडी गावच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी उचलली आणि जाता जाता बजावले, "गुरुजींच्या हातची म्हणून सांगणार आहे हं. काल आलेल्या पोरीची म्हटलं तर व्याही नाक मुरडतील."

शिष्या गप्प राहिली. गप्प राहणे तिला उत्तम जमत असे. पण आपली साडी दुसऱ्याच्या नावावर जाणार, हे मनात सलत राहिले.

लग्नमांडवात व्यापारी सर्वांदेखत साडी लेकीच्या हाती देणार, तोच गुरूंनी मध्ये आपली काठी आडवी धरली.

"शेठ, आधी नाव घ्या."

बायका खिदळल्या. शेठही रंगात आले आणि यमक जुळवून त्यांनी ठसक्यात पत्नीचे नाव घेतले. काठी हलली नाही.

"हे वहिनींचं झालं. आता साडीचं घ्या. कुणी केली?"

"तुम्हीच की, गुरुजी!"

"मी तिच्या एका धाग्यालाही हात लावलेला नाही."

शेठचा चेहरा उतरला. गुरू सौम्यपणे म्हणाले, "नव्या सुनेला नाव घेतल्याशिवाय आपण उंबरा ओलांडू देत नाही. वस्त्र मात्र काही न विचारता अंगावर घेतो. ते कोणाच्या हातून आले हे विचारले नाही, की त्या हातांना काय मिळाले हेही विचारावे लागत नाही."

"मग केली कुणी?" नवरीने विचारले.

"मी," शिष्या पुढे होऊन म्हणाली.

काठी तशीच आडवी. "एकटीने?"

शिष्या गोरीमोरी झाली. रोज दुपारी दुखरे गुडघे चोळत, "सून आणली की मालकीण?" असे पुटपुटत चरख्यावर तिच्या मागासाठी धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या सासूबाई तिला आठवल्या. एका दुपारचाही खंड नव्हता.

"रेशीम उकललं सगुणामावशींनी," ती म्हणाली, "रंगवलं दस्तगीरचाचांनी. कांड्या भरल्या माझ्या सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी. आणि विणली मी, कुंदाने."

काठी खाली आली. नवरीने साडी कपाळाला लावली. शेठ व्याह्यांकडे वळून तीच नावे सांगू लागले. अडखळले तिथे लेकीने सावरून घेतले.

मागच्या रांगेत सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला कोपराने ढोसून म्हटले, "बोलते बरं का आमची सून!"