तरवडाचा उपास

एका रेताड माळावर भागीरथीकाकू राहत. एकदा त्यांनी नेम धरला, "दारच्या तरवडाला रोज घागरभर पाणी घालीन, पहिलं फूल गावदेवीला वाहीन."

पंधरा दिवसांत तरवडाची पानं पिवळी पडली. काकूंनी एकीच्या दोन घागरी केल्या. तेव्हा मात्र तरवड बोलला, "काकू, तुमच्या पुण्यानं माझी मुळं कुजली!"

"अरे, नेम मोडला तर देवी कोपेल!"

"तिला काय घागरी मोजण्यावाचून उद्योग नाही? एकादशीला तुम्ही निर्जळी धरता, तेव्हा तुम्हाला कुणी बळंच पाणी पाजतं का? मी वाळूतला. मलाही उपास करू द्या की!"

काकू वरमल्या. "आई, आता नेम हा तरवडच धरतोय गं," असं देवीला सांगून त्यांनी घागर पालथी घातली. रोज सकाळी हात शिवशिवत, तेव्हा त्या घागरीवरच बसून जप करीत.

महिन्याभरात तरवड हळदीसारखा पिवळाधमक फुलला. पहिलं फूल देवीला गेलं. देवीनं घागरींचं नावसुद्धा काढलं नाही.

तर बायांनो, तुमच्या दारी तरवड असेल, तर एवढं कराच. घागर पालथी घाला आणि तिच्यावर बसून खुशाल देवाचं नाव घ्या.